मदत हवी आहे: केटरिंगमधलं उरलेलं अन्न संस्थेला देताना काय काळजी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमचा केटरिंगचा व्यवसाय आहे. ऑफिसांची जेवणं आणि समारंभ, दोन्ही करतो. माणसांचा आकडा कितीही पक्का घेतला तरी थोडं जास्त करावंच लागतं आणि ते उरतं. स्टाफ घरी नेतो, तरीही उरतं. चांगलं अन्न फेकायचं जिवावर येतं. एका संस्थेशी बोलणं झालंय, ते लोक घ्यायला तयार आहेत. गाडी अडलीय ती माझ्या भागीदारापाशी. त्याचं म्हणणं, "विकलेल्या अन्नाची जोखीम घेतो कारण त्याचे पैसे मिळतात. फुकट दिलेलं कुणाला बाधलं तर नाव आपलंच जाणार." मला हे धड खोडताही येत नाहीये.

तर प्रश्न: शिजवलेलं अन्न किती वेळापर्यंत देता येतं? बुफेवर मांडलेलं चालेल का? कुणाला त्रास झालाच तर जबाबदारी कुणाची? कोठारात तारीख जवळ आलेला पॅकबंद मालही असतो, त्याचं काय?

यावर आधी धागा असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगते. 'स्तुत्य उपक्रम' वगैरे नको, काय करायचं आणि काय नाही तेवढं सांगा. आगाऊ धन्यवाद.

चुलीपाशी:
मोठ्या किचनमध्ये अन्नसुरक्षेचं काम बघते, म्हणून लिहिते. प्रोब थर्मामीटर (अन्नात टोचून आतलं तापमान बघायचा) नसेल तर आधी तो घ्या, बाकीचं नंतर. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. गरम द्यायचं तर ६० च्या वर राहिलं पाहिजे, थंड द्यायचं तर ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यात गेलेला वेळ बेरजेत धरायचा. ऑस्ट्रेलियात यासाठी २ तास-४ तासांचा सोपा हिशोब वापरतात: एकूण २ तासांच्या आत असेल तर परत फ्रिजमध्ये ठेवता येतं, २ ते ४ च्या मधे असेल तर लगेच खायचं, ४ च्या पुढे गेलं की फेकायचं. या बेरजेत पॅकिंग आलं, टेंपोतला प्रवास आला, आणि तिकडे माणसं जेवायला बसेपर्यंतचा वेळही आला.

खरी मेख इथेच आहे. भांडी घासायला निघाली की मग आपण 'किती उरलं' बघतो. तोवर हे तास बहुतेक संपलेले असतात. पहिली फेरी वाढून झाली की अंदाज येतोच. जे पातेलं उघडावं लागणार नाही असं दिसतंय, ते त्याच क्षणी बाजूला काढा आणि एक तर गरम ठेवा नाहीतर थंड करायला घ्या. दान जेवणं चालू असताना ठरवायचं, आटोपल्यावर नाही.

बुफेवर मांडलेलं देऊ नका. त्यावर किती जण वाकले, कुणाचा डाव कशात गेला, काही सांगता येत नाही.

धागाकर्ती:
बाजूला काढायचं हे पटलं. पण आमच्या आचाऱ्यांचं ठाम मत आहे की नंतर खळाखळा उकळी आणली की सगळं मरतं. हे कितपत खरं?

चुलीपाशी:
जंतू मरतात, त्यांनी आधीच सोडलेलं विष राहतं. भाताचं उदाहरण घ्या. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, भात कोमट राहिला की रुजतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. स्टॅफिलोकोकसची तीच गत, आणि तो तर बहुधा हाताळणाऱ्याच्या हातातून किंवा नाकातून येतो. वास येत नाही, चव बदलत नाही, त्यामुळे 'जरा चाखून बघ रे' ही परीक्षा बाद. फ्रिजमधलं पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७५ अंश गाठा, पण त्याने आधीची ढिलाई भरून निघत नाही.

थंड करण्यात सगळ्यात जास्त गडबड होते. मोठं पातेलं झाकून ठेवलं की त्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर शेजारचे डबेही गरम होतात. ६० वरून २१ अंशांपर्यंत २ तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या ४ तासांत आलं पाहिजे. उथळ ट्रेमध्ये पाचेक सेंटीमीटरचा थर पसरा. पातळ पदार्थाचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा.

अर्धविराम:
मी घेणाऱ्या बाजूला, म्हणजे संस्थेत स्वयंसेवक आहे. चुलीपाशी यांच्याशी शंभर टक्के सहमत. रात्री उशिरा फोन येतो, "भरपूर आहे, ताबडतोब न्या." आमच्याकडची माणसं जेवून झोपलेली असतात. फ्रिजमध्ये जागा नसते. मग आम्ही नाही म्हणतो आणि समोरच्याला राग येतो. आधी संस्थेला विचारा: फ्रिज केवढा, जेवण किती वाजता, साधारण किती माणसं, आणायला गाडी कुणाची.

आणि खाणारे कोण आहेत तेही विचारा. लहान मुलं, वयस्कर, गरोदर बायका, आजारी माणसं यांना तेच अन्न जास्त बाधतं. लेबल हवंच: पदार्थ काय, कधी शिजवला, कसा ठेवायचा, कधीपर्यंत खायचा. त्यात शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, सोया, तीळ, मासे वगैरे काय काय आहे तेही लिहा. विकत घेणारा विचारू तरी शकतो, आमच्याकडे पुढ्यात येईल ते खातात.

अवांतर: देताना फोटो काढू नका. प्लीज.

टाचणी:
कायद्याबद्दल. देशागणिक फरक आहे, पण भागीदारांना वाटतं तितकं चित्र वाईट नाही. अमेरिकेत १९९६ पासून बिल इमर्सन कायदा आहे. सद्भावनेने संस्थेला अन्न देणाऱ्याला त्यात संरक्षण मिळतं, घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेलं कृत्य असेल तर नाही. इटलीने २००३ मध्ये तशाच धर्तीचा कायदा केला. फ्रान्सने २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांना विकलं न गेलेलं, खाण्यायोग्य अन्न नष्ट करायला मनाई केली आणि संस्थांशी करार करायला लावले. भारतात एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) अतिरिक्त अन्नाच्या वाटपाबद्दलचे २०१९ चे नियम आहेत. तुमच्याकडे जे लागू असेल ते वकिलाला एकदा दाखवा. संस्थेशी छोटासा लेखी करार करा. त्यात अन्न ताब्यात घेतल्यानंतरची साठवण कुणाची, हे स्पष्ट असू द्या. दरवेळी तारीख, पदार्थ, वजन, निघतानाचं तापमान आणि वेळ, नेणाऱ्याची सही, एवढी नोंद ठेवा. काही झालंच तर तेवढाच माल परत मागवता येतो, आणि काळजी घेतल्याचा पुरावाही तोच.

पॅकबंद मालाचं सोपं आहे. 'बेस्ट बिफोर' दर्जाबद्दल असतं, 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' सुरक्षिततेबद्दल. दुसरी उलटली की विषय संपला. पहिली उलटलेला माल काही देशांत देता येतो, काही ठिकाणी नाही. फुगलेला डबा किंवा फाटलेलं पाकीट कुठल्याच तारखेला देऊ नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. भागीदाराला धागा वाचायला दिला. तो तयार झालाय, अट एकच: तापमानाची वही त्याच्या ताब्यात आणि ६० च्या खालचं गरम पातेलं तो दारातून सोडणार नाही. मला चालतंय. सुरुवात फक्त ऑफिसच्या दुपारच्या जेवणांपासून करू, समारंभ नंतर बघू. एक शेवटचं: थर्मामीटर बरोबर दाखवतोय हे कसं कळणार?

चुलीपाशी:
ग्लासभर बर्फाचा चुरा, वर थोडं पाणी, ढवळून प्रोब मधोमध धरा. काचेला टेकवू नका. मिनिटभरात ० च्या आसपास स्थिरावला पाहिजे. एका अंशाहून जास्त फरक दाखवला तर दुरुस्त करा किंवा बदला. आणि एका पातेल्यातून काढून दुसऱ्यात घालण्याआधी दरवेळी निर्जंतुक करून घ्या, आचारी फडक्याला पुसतात, ते नको.