पाळणाघराच्या खर्चाला सरकारी मदत वाढवावी का? कोल्हापूरच्या कामकरी घरांसाठी चर्चा

शाहूपुरीची लेक
नवरा-बायको दोघं कामाला जातात त्या घरात मूल सांभाळण्याचा निदान अर्धा खर्च सरकारने उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आत्ताची मदत फार तोकडी आहे.

केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमात २०२२ पासून 'पाळणा' योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं घ्यायची, खर्च केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. उद्दिष्ट देशभरात १७,००० केंद्रांचं. अंगणवाड्या आहेत जवळपास १४ लाख. म्हणजे ऐंशीतल्या एखाद्या अंगणवाडीला पाळणाघर मिळणार.

त्यात वेळ साडेसात तासांची. गोकुळ शिरगावला किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आठ तासांची पाळी करणारी बाई जाऊन-येऊन साडेनऊ तास घराबाहेर असते. मधले दोन तास मूल कुणी बघायचं? शेजारीण बरी असेल तर ठीक, नाहीतर आईची नोकरी जाते. म्हणून मदत कामाच्या तासांना धरून द्या. फक्त केंद्रांची संख्या वाढवून भागणार नाही.

करवीरकाका
माझा विरोध आहे, आणि तो बायकांच्या नोकरीला नाही. लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० रुपये देताना राज्याची किती ओढाताण होते ते आपण बघतोय. त्यावर हा नवा खर्च कशातून करणार?

दुसरं, कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये रोजच्या ५ डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं. आयांच्या नोकऱ्या वाढल्या, हे खरं. पण पुढे अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला तेव्हा मुलांमध्ये चिडचिड, आक्रमकपणा वाढलेला दिसला. घाईघाईत जागा वाढवल्या की असंच होणार. द्यायचेच असतील तर पैसे आईच्या हातात द्या. ती आजीला देईल, शेजारणीला देईल, नाहीतर पाळणाघराला देईल. मूल कुठं ठेवायचं हे सरकारनं का ठरवावं?

शाहूपुरीची लेक
काका, हातात आलेले १,५०० रुपये गॅस, किराणा आणि थोरल्याच्या वह्यांत संपतात. त्यातून गल्लीत नसलेलं पाळणाघर उभं राहत नाही. आणि आजी घरात बसून आहे हे आपण धरूनच चालतो. करवीर, पन्हाळ्यातल्या किती आज्या आजही भांगलणीला जातात, बघा जरा.

क्वेबेकचा मुद्दा मात्र गंभीर आहे. तो मी दर्जाबद्दलचा इशारा म्हणून घेते. पाळणाघरात मुलं सांभाळणाऱ्या एका ताईकडे किती मुलं, ती ताई टिकते की दर सहा महिन्यांनी बदलते, यावर सगळं आहे. मदत वाढवायची ती यासाठीच.

शिरोली एमआयडीसी
माझं छोटं मशीन शॉप आहे, मोजकी माणसं. तपासणीच्या टेबलावर बायकांचं काम फार नेटकं असतं, पण बाळंतपणानंतर परत येणारी क्वचितच. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभाही दिली. कायदा चांगला आहे, पण आमच्याकडच्या बहुतेक शेड त्या आकड्याच्या खालीच राहतात.

सामाजिक सुरक्षा संहिता या केंद्राच्या कामगार कायद्यात अनेक कारखान्यांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालवायची सोय आहे. वसाहतीत एक गाळा द्या, ताईंचा पगार सरकारने द्यावा, वीज-पाणी आणि देखभाल आम्ही वाटून घेऊ. पण सगळा भार मालकावर टाकलात तर छोटा मालक बाईला कामावर घ्यायलाच कचरेल. हे कडू आहे, पण घडतं.

अंगणवाडी, कागल तालुका
सगळे अंगणवाडीलाच पाळणाघर जोडा म्हणताय. आमच्याकडं बघा की जरा! पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर रोजची नोंद, आहार, लसीकरणाला आया गोळा करणं, घरभेटी, वर सर्वेक्षणं. राज्यातल्या आम्ही सेविका-मदतनीस डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ संपावर होतो, ते हौसेनं नव्हे. आम्हाला अजूनही पगार नाही, मानधन मिळतं.

आठ महिन्यांचं बाळ वेगळं असतं. त्याला भरवायचं, शी-शू काढायची, झोपवायचं, ताप आला तर आईला फोन करायचा. तीन वर्षांच्या पोराला बडबडगीत म्हणून दाखवता दाखवता हे होत नाही. वेगळी माणसं आणि वेगळी खोली दिली तर माझा पाठिंबा, नाहीतर ठाम विरोध.

करवीरकाका
ताईंचं म्हणणं मला सगळ्यात जास्त पटलं. आहे ते नीट चालेना, तर वाढवायचं कशाला?

शिरोळचा शेतकरी
तुम्ही सगळी पगारवाल्यांचंच बोलायला लागलाय. आमच्याकडं दिवाळी झाली की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात जायचं आणि तान्हं पोर बांधाला पाचटावर निजवायचं. तिथनं ट्रॅक्टर-ट्रॉली फिरत्यात, पाचटात साप असतोय. त्यास्नी कुठलं पाळणाघर?

रोजगार हमीच्या कायद्यात कामावर सहा वर्षांच्या आतली पाच पोरं असली की ती बघायला एक बाई नेमायची आन् तिला मजुरी द्यायची, असं लिवलं हुतं. फडाला हा नेम का न्हाई? ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्याकडनं टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलंय. त्यातनं कोप्यांजवळ, म्हंजी तोडकऱ्यांच्या झोपड्यांजवळ, पहिलं पाळणाघर करा. मी स्वतः जागा देतो, हंगामापुरती.

करवीरकाका
याला माझा विरोध नाही. फडातल्या लेकरांसाठी उद्या सुरू करा. पण दोन पगार येणाऱ्या घरांना मदत नको. उत्पन्नाची मर्यादा घाला, लाडक्या बहिणीला अडीच लाखांची आहे तशी.

शाहूपुरीची लेक
फडापासून सुरुवात व्हावी, मान्य. मी धागा काढला तेव्हा हा विचार पुढे ठेवायला हवा होता असं कुणी म्हणालं तर तेही रास्तच आहे.

पण अडीच लाखांची रेघ मारून बघा. दोघं महिन्याला बारा-बारा हजार मिळवणारी असली तरी वर्षाचे २ लाख ८८ हजार होतात. म्हणजे बाईने काम सुरू केलं की घर योजनेबाहेर! ती घरी बसली तर पात्र, कामाला गेली तर अपात्र. कामकरी आईसाठीच्या मदतीला ही अट लावणं अन्यायाचं आहे. त्यापेक्षा उत्पन्न वाढेल तशी मदत टप्प्याटप्प्याने कमी करा.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. सहा वर्षांच्या आतल्या मुलाची जबाबदारीही सार्वजनिक असते, एवढंच मला पुढे न्यायचंय.

करवीरकाका
शाळा आणि पाळणाघर एक नव्हे. शाळेत मूल शिकायला जातं, पाळणाघरात आईवाचून राहायला. टप्प्याटप्प्याच्या मदतीचा विचार मात्र करता येईल. पण अंगणवाडीच्या ताईंनी मागितलेली वेगळी माणसं आधी नेमा, मग फीचं बोलू.

शिरोली एमआयडीसी
माणसं आधी, हे मलाही मान्य. आमच्या वसाहतीतल्या शेडवाल्यांशी मी बोलतो. किती बायकांना सहा वर्षांच्या आतली मुलं आहेत आणि पाळी कधी सुटते, एवढं लिहून घेतो.

अंगणवाडी, कागल तालुका
लिहून घेताना रात्रपाळीचंही विचारा. ते कुणी विचारत नाही. आणि ती यादी घेऊन जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात जाल तेव्हा आमच्यातल्या दोघींना बरोबर न्या.