गावी घरं बंद, चोऱ्या वाढल्या. रात्रीची गस्त रीतसर कशी उभी करायची?

भांडुपची_सून

नमस्कार मंडळी. गाव संगमेश्वर तालुक्यात, राहायला भांडुपला. आमच्या वाडीतली निम्म्याहून जास्त घरं गणपती-शिमगा सोडला तर कुलूपबंदच. दिवाळीनंतर त्यातली तीन फुटली. पुढच्या कुलपाला कुणी हात लावलेला नाही, मागच्या पडवीची कौलं काढून आत उतरलेत. तांब्याचा बंब, समया, देव्हाऱ्यातले टाक, एका घरातली पाण्याची मोटर, सगळं गेलं. माझ्या सासूबाईंचं माहेरचं घंगाळ त्यातच. पंचनाम्यात ते ‘जुने तांब्याचे भांडे, एक नग’ एवढंच लागलंय.

गेल्या रविवारी परळला मंडळाची सभा झाली. तरुणांचं म्हणणं, वर्गणी काढून कॅमेरे बसवू आणि गावातल्या पोरांच्या हाती काठ्या देऊन रात्री फिरायला लावू. एकजण तर म्हणाला, अनोळखी दिसला की आधी हाणायचा, नाव-गाव मग विचारू. माझ्या पोटात गोळाच आला. पालघरात गडचिंचल्याला 16 एप्रिल 2020 च्या रात्री काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चोर फिरतायत अशी अफवा, लोक रात्री जागे, आणि कांदिवलीहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जिवानिशी गेले. हे सभेत बोलले तर ‘ताई, उगाच घाबरवू नका’ म्हणून गप्प केलं.

राखण हवीच, गावात मागे राहिलेत ते बहुतेक म्हातारी माणसं. पण ती रीतसर कशी करतात? पोलीस पाटलांना भेटायचं की थेट ठाण्यात जायचं? आणि मुंबईत बसून मंडळाने नेमकं काय करावं?

जुना_बीट_अंमलदार

ताई, तुमच्या पोटात गोळा आला ते योग्यच. माझी नोकरी ग्रामीण पोलीस दलात गेली, आता मुलाकडे डोंबिवलीत असतो.

रात्रीच्या गस्तीसाठी गावातल्या स्वयंसेवकांचं ग्रामसुरक्षा दल असतं, त्याला कायद्याचा आधार आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मध्ये त्याची तरतूद आहे आणि अधिकार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे. ग्रामसभेत ठराव घ्या, पोरांची नावं-पत्ते लिहून पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात द्या. ठाणेदार चारित्र्य पडताळणी करतात, बीट अंमलदार, म्हणजे तुमच्या भागातली गावं ज्याच्याकडे असतात तो पोलीस, येऊन समजावून सांगतो. ग्रामरक्षक दल म्हणून दुसरी एक गोष्ट आहे, ती अवैध दारूसाठी. अर्जात दोन्हींची गल्लत करू नका, कागद परत येतो.

आता मारहाणीचं. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर साध्या नागरिकालाही माणूस धरता येतो, पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. नुसता संशय आला म्हणून कुणाला बांधून ठेवायचा अधिकार गावाला नाही. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं होती ती. तुमच्या मंडळातल्या त्या मुलाला एवढं जरूर सांगा. गस्तीवाल्याच्या हाती शिट्टी आणि बॅटरी पुरते. अनोळखी माणूस दिसला तर लांबून विचारायचं, गाडीचा नंबर टिपायचा आणि 112 लावायचा. दूरक्षेत्रातून, म्हणजे ठाण्याच्या बाहेरच्या चौकीतून, गाडी यायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, पण फोनची नोंद होते आणि पुढे तीच कामाला येते.

वाडीतच_राहते

मी लांज्याकडची. मुंबईकरांना राग आला तरी बोलते. रात्री दीड वाजता तुमची गाडी येते, आम्ही बॅटरी मारली की ‘ओळखलं नाहीस काय’ म्हणून आवाज चढतो. येणार असाल तर निघताना एक फोन करा. किल्ली शेजारी ठेवा. आमच्याकडे बंद घरांच्या किल्ल्या एका काकूंकडे असतात, अमावस्येला दिवा लावायला त्या जातात तेव्हा मागची बाजूही बघून येतात. कौल हललेलं त्यांना लगेच कळतं. कॅमेऱ्याचं म्हणाल तर पावसाळ्यात लाईट चार-चार दिवस नसते आणि रेंज फक्त शाळेच्या वरच्या सड्यावर मिळते. त्या पैशातून आधी पाणंदीवर सौरदिवे लावा.

आणि आंब्याच्या दिवसांत बागांमध्ये नेपाळी राखणे असतात, बायकापोरांसह. चोरी झाली की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. त्यांची नावं बागायतदारांनी आधीच पोलीस पाटलांकडे द्यायला हवीत, म्हणजे त्या बिचाऱ्यांच्या मागे कुणी लागणार नाही.

पोलीस_पाटील_खेड

सभांमधून ‘पाटील पगार घेतो, करतो काय’ असं ऐकू येतं. आमची नेमणूक ग्रामपोलीस अधिनियम 1967 खाली होते. मिळतं ते मानधन, 2024 मध्ये ते 6,500 वरून 15,000 झालं, ते बरं झालं. पण आमच्या हाती ना शिपाई, ना गाडी. गावाने सांगितलं तरच आम्हाला कळतं.

बंद घराची चोरी शिमग्याला घरमालक आल्यावर उघडकीला येते. तोवर माल मोडीत वितळून गेलेला असतो. म्हणून वरच्या ताईंची किल्लीची पद्धत मला सगळ्यात मोलाची वाटते. चोरी कळली आणि गावी जायला जमत नसेल, तर मुंबईत जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, तो इकडे वर्ग होतो.

दुसरं, भांड्यांवर नावं असतील तर ती फिर्यादीत अक्षर न् अक्षर लिहा. मुद्देमाल पकडला जातो आणि कुणाचा ते सिद्ध होत नाही, म्हणून पडून राहतो. नाव घातलेलं भांडं ओळख पटवून न्यायालयाच्या हुकमाने घरी परत येतं.

भांडुपची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. घंगाळाच्या काठावर सासूबाईंच्या मामांचं नाव आणि ‘लग्नात सप्रेम भेट’ असं कोरलेलं आहे, हे पंचनाम्याच्या वेळी सांगायला घरचं कुणीच हजर नव्हतं. पुरवणी जबाब देणार आहे, फोटोही सापडलाय.

मंडळाला मी लेखी देतेय: कॅमेऱ्यांचा विषय तूर्त बाजूला, वर्गणीतून सौरदिवे, आणि बंद घरांच्या मालकांचे फोन नंबर पोलीस पाटलांकडे. काठ्यांना माझा विरोध आहे, तो इतिवृत्तात नोंदवा असंही लिहिलंय. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला आमच्यापैकी पाचसहाजण जातोय. ठरावाचा मसुदा कुणाकडे असेल तर इथे टाका. आणि हवालदार काका, दलाच्या यादीत बायकांची नावं दिली तर चालतील ना? गावात सध्या अंगात बळ असलेल्या त्याच जास्त आहेत.

जुना_बीट_अंमलदार

जरूर द्या. मसुदा रात्री टाकतो.