टेक्स्ट रोलप्लेमध्ये दुसऱ्याच्या कॅरेक्टरने काय केलं हे आपण लिहायचं का?

तापीकाठचा (भुसावळ)

मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा आणि सल्ला द्या.

आमचा डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर एक ग्रुप आहे, बरेचसे भुसावळ-जळगावचे, काही नोकरीमुळे पुण्यात, रात्री जेवणं आटपली की सगळे ऑनलाइन येतात आणि आम्ही लिहून लिहून रोलप्ले खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट असीरगडच्या वेढ्याची आहे. १६०० साल, खाली बऱ्हाणपुरात अकबराची फौज, वर किल्ल्यावर बहादूरखान फारुकी. जानेवारी १६०१ मध्ये किल्ला पडला हे सगळ्यांना माहितीच आहे, त्यामुळे कोण जिंकणार हा प्रश्नच नाही, त्या महिन्यांमध्ये आमच्या माणसांचं काय होतं हाच खेळ. एक जण किल्ल्यावर तोफ डागणारा गोलंदाज आहे, मी थाळनेरचा घोड्यांचा व्यापारी हिरामण, आणि धडगावकडची एक ताई आहे तिचा दित्या नावाचा भिल्ल तिरंदाज, सातपुड्यातल्या वाटा माहीत असलेला. हे पात्र तिने फार मन लावून उभं केलंय, तो कमी बोलतो, कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो, पाण्याची जागा वासावरून सांगतो.

तर मागच्या आठवड्यात आमच्यातल्या एका दादाने, जो मुघल सरदार खेळतो, हे टाकलं:

*सरदार दित्याला खिंडीत गाठतो आणि भाला त्याच्या छातीला लावतो. दित्या घाबरून गुडघ्यावर बसतो, हात जोडून गयावया करतो, त्याच्या डोळ्यातून पाणी येतं आणि तो बायकापोरांची आण घेऊन चोरवाट सांगून टाकतो.*

ताईने खाली फक्त 'हो चालेल' लिहिलं आणि तेव्हापासून तिची एकही पोस्ट नाही. मला ते वाचून फार वाईट वाटलं. दादा माणूस चांगला आहे, ग्रुप त्यानेच सुरू केला, लिहितोही झकास, त्याला वाटतं आपण सीन पुढे नेला. पण दित्या रडणार की नाही, वाट सांगणार की नाही हे ठरवायचं कोणी? याचे काही रीतीरिवाज असतात का, आणि असले तर वयाने मोठ्या माणसाला सांगायचे कसे? शिवाय आमच्यात कोणी 'मी' लिहितं कोणी 'तो', कोणी स्टारमध्ये कोणी कंसात, तेही जरा सांगा.

---

जुनाखेळाडू (जळगाव)

भाऊ, रीत आहे आणि बरीच जुनी आहे. याला गॉडमोडिंग म्हणतात, काही लोक पॉवरप्लेइंग म्हणतात, म्हणजे समोरच्याच्या पात्राचं काय झालं, त्याला काय वाटलं, त्याने काय केलं हे परस्पर लिहून टाकणं. जवळजवळ प्रत्येक रोलप्ले सर्व्हरच्या नियमात याला मनाई सापडेल.

हे कुठून आलं ते सांगतो कारण त्यातच उत्तर आहे. अनेकांनी एकत्र लिहून खेळायचे गेम १९७८ पासूनचे, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा पहिला गेम केला. पुढे १९८९ मध्ये टायनीमड आला, त्याच्यापासून मश वगैरे प्रकार निघाले, तिथे मारामारी-पॉइंटपेक्षा गोष्ट रंगवण्यावर भर. या गेममध्ये कृती लिहायची कमांड असायची पोझ. म्हणजे तुम्ही कोलन टाकून 'तलवार उपसतो' लिहिलं की कॉम्प्युटर आपोआप पुढे तुमच्या पात्राचं नाव लावणार, 'हिरामण तलवार उपसतो'. आयआरसी नावाच्या जुन्या चॅटमध्ये स्लॅश मी कमांड होती तिचं पण तसंच. वाक्याची सुरुवातच तुमच्या नावाने व्हायची म्हणून लिहिणाऱ्याला मर्यादा आपसूक कळायची की हे वाक्य माझ्या माणसाचं आहे. एमिट नावाची दुसरी कमांड होती, तिच्यात नाव लागत नसे, वारा सुटला, दिवा विझला असलं लिहायला ती बरी, पण तिच्यातून दुसऱ्याच्या नावाने पण काहीही लिहिता यायचं, म्हणून मग ओळ खरी कोणी टाकली हे दाखवणारी नोस्पूफ नावाची सोय आली. डिस्कॉर्डवर तर मोकळं रानच आहे, कोणी कोणाबद्दल काहीही टाइप करू शकतो, म्हणून जे काम मशीन करायचं ते आता माणसांनी करायचं.

आणि 'नुसता खेळ आहे, एवढं काय' असं कोणी म्हटलं तर लॅम्डामू या अशाच लिहून खेळायच्या ऑनलाइन जगाचं प्रकरण सांगा. १९९३ मध्ये तिथे एका खेळाडूने एक छोटा प्रोग्राम वापरून दुसऱ्यांची पात्रं अत्यंत घाणेरड्या गोष्टी करताहेत असा मजकूर सगळ्यांसमोर आणला. त्या पात्रांमागच्या माणसांनी यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. कोणाच्या अंगाला हात लागला नाही पण त्या माणसांना झालेला त्रास खरा होता, सगळ्या वस्तीत खळबळ उडाली, त्या खेळाडूला काढून टाकलं आणि नंतर तिथे लोकांच्या मतदानाने नियम ठरवायची पद्धत आली. तुमच्या दादाचं तसं काही नाही, तो वाईट हेतूने वागलेला नाही, पण दुखतं ते त्याच जागी, आपल्या माणसाच्या तोंडून आपण न बोललेलं ऐकणं.

आता त्याचीच पोझ, म्हणजे कृतीची पोस्ट, नीट कशी झाली असती बघा:

*सरदार घोडा आडवा घालून खिंड अडवतो. खाली न उतरता भाल्याचं टोक दित्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर धरतो. 'चोरवाट सांग. सांगितलीस तर तुझी बायकापोरं सुखरूप राहतील.' मागचे दोन शिपाई दोरखंड सोडायला लागतात.*

सरदाराचा दरारा कमी झाला का? उलट वाढला. आणि दित्याला चार वाटा मोकळ्या राहिल्या, खोटी वाट सांगेल, गप्प उभा राहील, घोड्याला बुजवेल, नाहीतर खरंच शरण जाईल. पण शरण गेला तर ते त्या ताईने लिहिलेलं असेल आणि मग ते वाचताना अंगावर काटा येईल. कुस्तीत डाव टाकणं आपल्याकडे, तो लागला की सुटला ते समोरच्याच्या अंगावर, तेवढंच हे आहे.

---

पांझरापार (धुळे)

वरचं सगळं पटलं पण एक बाजू राहिली ती मांडतो. 'फक्त प्रयत्न लिहा' हा नियम अगदी अक्षरशः पाळला ना तर सीन मरतो. आमच्याकडे असं झालेलं आहे, दोन जण आठवडाभर भांडताहेत, हा वार करतो तो चुकवतो, तो वार करतो हा चुकवतो, कोणीच मार खायला तयार नाही. हे पण गॉडमोडिंगच, भले तुम्ही दुसऱ्याच्या पात्राला हात लावला नसेल. आपल्याला अधूनमधून लागलं पाहिजे, हरता आलं पाहिजे. जो खेळाडू स्वतःहून 'खांद्याला जखम झाली, धनुष्य हातातून सुटलं' लिहितो त्याच्यासोबत लोकांना खेळायला आवडतं.

नाहीच जमलं तर फासे टाका. डिस्कॉर्डला फासे टाकणारे बॉट भरपूर आहेत, वीस बाजूंचा फासा, मोठा आकडा आला की वार लागला, पण किती लागला आणि तो कसा पडला हे ज्याला लागलं त्यानेच लिहायचं. हे वाक्य नियमात टाकाच.

आणि बारीकसारीक गोष्टींना आधीच परवानगी देऊन ठेवायची. हिरामणने दित्याला घोड्यावर मागे बसवलं आणि हिरामणचा घोडा नदी उतरून गेला तर दित्या पण उतरून गेला, एवढं समजून घ्यायचं, त्यासाठी दोन दिवस थांबायचं नाही. शंका आली तर दुहेरी कंसात खेळाबाहेरचं विचारायचं, ((ताई, दित्याला मागे बसवलं तर चालेल ना?)). मरण, कायमचं अपंगत्व, छळ, शारीरिक जवळिकीचे प्रसंग, आणि कोणाचं गुपित फुटणं, हे मात्र विचारल्याशिवाय कधीच नाही. चोरवाट सांगून टाकली हे तर सगळ्या कथेचं तोंड फिरवणारं आहे, ते काय एका ओळीत उडवून द्यायचं असतं का.

---

केळीबाग (रावेर)

मी लिहिण्याबद्दल सांगते, कारण तुमच्या प्रश्नात 'मी की तो' पण होतं.

तृतीयपुरुषी आणि चालू वर्तमान ठेवा, 'हिरामण लगाम खेचतो'. 'मी' लिहिलं की पाच जणांच्या सीनमध्ये कोणता मी ते कळत नाही आणि खेळाडू बोलतोय की पात्र बोलतंय हाही घोळ होतो. भूतकाळात लिहिलं तरी चालतं पण त्यात 'तोडला, पाडला, हरवला' असं निकाल लावूनच लिहायची सवय लागते, वर्तमानात 'वार करतो' एवढ्यावर थांबायला सोपं जातं असं माझं मत आहे. सगळ्यांनी एकच काहीतरी ठरवा म्हणजे झालं.

डिस्कॉर्डवर एका स्टारमध्ये लिहिलं की अक्षर तिरकं होतं, ते कृतीसाठी ठेवा, बोलणं अवतरणात. पण तेच व्हॉट्सॲपवर केलं तर ठळक होतं, तिथे तिरक्यासाठी अंडरस्कोअर लागतो, म्हणून दोन्हीकडे खेळणाऱ्यांचा मजकूर विचित्र दिसतो. टप्परबॉक्ससारखा बॉट लावला तर पात्राच्या नावाने आणि चित्रानेच पोस्ट पडते, मग कोणाचं वाक्य ते शोधावं लागत नाही. मला तो आवडतो.

मनातले विचार जपून लिहा. 'हिरामणच्या मनात आलं की हा गोलंदाज भित्रा आहे' असं टाकलं की गोलंदाज खेळणाऱ्याला बोचतं आणि त्याच्या पात्राला तर ते ऐकूच गेलेलं नाही, मग तो उत्तर काय देणार? त्यापेक्षा दिसेल ते लिहा. *हिरामण गोलंदाजाच्या थरथरत्या बोटांकडे बघतो आणि काही न बोलता स्वतः वात पेटवतो.* थांबा, इथे पण बघा, बोटं थरथरताहेत हे मी ठरवलं! ते गोलंदाजाने आधी लिहिलं असेल तरच चालेल. नसेल तर 'गोलंदाजाच्या बोटांकडे बघतो' एवढंच, थरथरायचं की नाही ते त्याच्यावर. इतकं बारीक बघावं लागतं आणि बघितलं की लिखाण सुधारतंच.

शेवटी काहीतरी धरायला ठेवत जा, प्रश्न, आवाज, पुढे केलेली भाकरी, काहीही. आणि सगळे मोबाइलवर वाचतात हे लक्षात ठेवा, डिस्कॉर्ड साधारण २००० अक्षरांपर्यंत एका मेसेजमध्ये घेतं म्हणून तेवढं भरायलाच पाहिजे असं नाही. गर्दीच्या सीनमध्ये मश वाल्यांची एक रीत चांगली आहे, तुमच्यानंतर तीन जणांच्या पोस्ट पडल्या की मग तुमची पुढची, म्हणजे भराभर टाइप करणारे दोघंच सीन खाऊन टाकत नाहीत आणि झोपी गेलेल्यासाठी बाकीचे अडूनही राहत नाहीत.

---

अहिराणीभो (शिरपूर)

सगळ्यांनी नियम सांगितले, मी माणसांचं बोलतो. ती ताई गप्प झाली त्याचं कारण मला तरी नुसतं गॉडमोडिंग वाटत नाही भो. गोष्टीत भिल्ल आला की तो हात जोडणारा, गयावया करणारा, नाहीतर मग नाचणारा, हे आपण किती ठिकाणी बघतो. तिने मुद्दाम डोळ्याला डोळा भिडवणारा माणूस उभा केला आणि दादाने एका वाक्यात त्याला परत तिथेच गुडघ्यावर आणला. धडगावच्या पोरीने ते वाचलं तर तिला काय वाटलं असेल याचा विचार दादाने केला नसेल, पण आता करायला लावा. आपण खानदेशात बसून खानदेशचीच गोष्ट लिहितो, तर यातल्या प्रत्येक माणसाचे नातू-पणतू आपल्यातच आहेत.

दुसऱ्याचं पात्र आपण कसं बोलतं दाखवतो तेही यातच येतं. माझं पात्र अहिराणी बोलतं, 'मन्हा हात तू कसा काय तोडस?' असं मी लिहितो, ती माझी घरची बोली आहे. पण मला तिकडची पावरी बोली येत नाही तर मी दित्याच्या तोंडी मोडकंतोडकं मराठी घालून 'भिल्ल असाच बोलतो' म्हणणार नाही. त्याचं बोलणं त्याच्या खेळाडूने लिहावं.

दादाला सांगायचं तर चारचौघात नको. चॅनलवर लिहिलंत की तो बचावाला उतरतो आणि बाकीचे बाजू घेत बसतात. खासगीत मेसेज करा नाहीतर सरळ फोन लावा, आणि आधी ताईला विचारून घ्या की तुझ्या वतीने बोललो तर चालेल का, नाहीतर तिच्या पात्रासारखंच तिच्याबद्दल पण आपणच ठरवल्यासारखं होईल. बोलताना 'दादा तुम्ही चुकलात' पेक्षा त्याची ती पोझ आणि जुनाखेळाडू भाऊंनी लिहिलेली पोझ, दोन्ही शेजारी ठेवा. लिहिणारा माणूस आहे ना, बघताक्षणी कळेल. डिस्कॉर्डवर आपला मेसेज आपल्याला नंतर पण एडिट करता येतो, त्याने अर्धं वाक्य काढलं की सीन तिथून परत चालू करता येतो, याला रेटकॉन म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

---

तापीकाठचा (भुसावळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आधी ताईशी बोललो. अहिराणीभो, तुमचं बरोबर होतं, ती म्हणाली की वाट सांगितली त्याचं एवढं काही नाही, गुडघ्यावर बसवलं ते लागलं. बोला म्हणाली. मग दादाला फोन केला, दोन्ही पोझ वाचून दाखवल्या, तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की माझ्या डोक्यात सरदार किती भारी दिसेल एवढंच होतं. त्याने 'भाला लावतो' च्या पुढचं सगळं काढून टाकलंय आणि ताईला स्वतः मेसेज केलाय. ती परत लिहील की नाही हे तिने ठरवायचं, आम्ही कोणी घाई करत नाही.

आता नियम लिहायला बसलोय. पांझरापार भाऊ, फाशाचं एक विचारायचं होतं, तोफेचा गोळा एकदम चार जणांच्या अंगावर येत असेल तर फासा गोलंदाजाने एकदाच टाकायचा की ज्याच्या त्याने आपापला? शुक्रवारच्या सीनमध्ये तोफ उडणार आहे, त्याआधी ठरलं तर बरं होईल.

---

पांझरापार (धुळे)

ज्याच्या त्याने आपापला. गोलंदाजाने गोळा कुठल्या दिशेने सुटला आणि आवाज केवढा झाला तेवढं लिहायचं. शिवाय त्या चौघांना सीनच्या आधी सांगून ठेवा की आज तोफ आहे, ज्याला आपलं पात्र तिथे नको असेल तो त्याला खाली नदीवर पाणी आणायला पाठवेल.