खाडीकाठच्या नेच्याला मीठ घालायचं का?

खाजणकन्या, त्रिमूर्तीनगर
माझं माहेर रत्नागिरीकडचं. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या खाजणाच्या बांधावरून अक्रोस्टिकम ऑरियम या खाडीकाठच्या नेच्याचा गड्डा आणला. वडिलांनी स्वतः खणून ओल्या गोणपाटात बांधून दिला होता. तिकडे हे नेचं पुरुषभर वाढतं, वरच्या पानांच्या पाठी तपकिरी मखमलीसारख्या दिसतात. इथे नागपुरात गच्चीवर जेमतेम कमरेएवढं आहे आणि दर मे महिन्यात कडा करपतात. सासूबाई म्हणाल्या, खाऱ्या पाण्याचं झाड आहे, मीठ घाल. परवा चमचाभर घातलं आणि तेव्हापासून जीव धास्तावलाय. वडील आता नाहीत. हे झाड मला गमवायचं नाही.

धरमपेठची गच्ची
ताई, मीठ अजिबात नको. हे नेचं खारं पाणी सोसतं, पण त्याला मीठ लागत नाही. गोड्या पाण्याच्या दलदलीतही छान वाढतं. कडा करपतात त्या आपल्या ४५ अंशांनी आणि कोरड्या वाऱ्याने. आधी कुंडीत तीन-चार वेळा भरपूर पाणी ओता, खालून वाहून जाऊ द्या, म्हणजे मीठ निघेल. मग कुंडी टबात ठेवून चार बोटं पाणी कायम राहू द्या. एप्रिलपासून हिरवी जाळी बांधा. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर तेही टाळा.

भूगर्भ शिकवणारा
हे नेचं आपल्याकडे पाहुणं नाही, ताई. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थांबत थांबत वाहत होता. मधल्या काळात तळी साचली, त्यांतली झाडं सिलिकाने, म्हणजे गारगोटीतल्या द्रव्याने, दगड झाली. अशाच थरांतून अक्रोस्टिकमचा जीवाश्म मिळाला, त्याची नोंद २००२ मध्ये झाली. छिंदवाड्याच्या मोहगाव कलानला तर निपा ताडाची फळं सापडली. ते झाड आज खाडीकाठी असतं, म्हणून समुद्राचा फाटा इथवर आला होता असं काहींचं मत आहे. निपाचा पुरावा मला वजनदार वाटतो. नेच्यावरून मात्र तसं ठरवता येत नाही, कारण वर सांगितलंय तसं ते गोड्या पाण्यातही असतं. आपल्या नागपूरच्या टाकळीचे जीवाश्म हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ मध्येच छापून मांडले होते.

खाजणकन्या
दोघांचेही मनापासून आभार. काल चार बादल्या ओतल्या, टबही आणला. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, त्या आता जाळीसाठी बांबू शोधतायत. सर, टाकळीला तसे दगड अजून दिसतात का? मुलीला घेऊन यायचं आहे.