रूल लिहिणाऱ्या बिझनेसवाल्यांना डेटा टाइप कळायलाच हवेत का?

निशिगंध_४२: आमच्याकडे कर्जमंजुरीचे रूल्स बिझनेस टीम स्वतःच डिसिजन टेबलमध्ये (ओळीगणिक अटी आणि निकाल असा एक्सेलचा तक्ता) भरते आणि कॉलमचा टाइप, म्हणजे त्यात आकडा, टेक्स्ट की तारीख, हे कोणी बघतही नाही. माझं स्पष्ट मत, रूल लिहिणाऱ्याला टाइप कळलाच पाहिजे. रक्कम टेक्स्ट म्हणून आली आणि तुलनाही टेक्स्टशीच झाली तर ९०००० हे ५००००० पेक्षा मोठं ठरतं, कारण पहिलं अक्षर ९ आहे आणि तिथेच निकाल लागतो. एरर कुठेच नाही.

कोडकर: अजिबात पटलं नाही. ड्रूल्समध्ये (रूल्स चालवणारं इंजिन) फॅक्टचा, म्हणजे रूलला मिळणाऱ्या माहितीचा, क्लास बहुतेक वेळा डेव्हलपर लिहितो, रकमेला बिगडेसिमल (अचूक दशांश आकड्याचा टाइप) दिलं की विषय संपला. क्रेडिटच्या माणसाला कर्जदार ओळखता येतो, त्याला यात कशाला गुंतवता?

टेस्टर_ठाणे: मग वयाचं काय? १८ पूर्ण हवेत म्हणून "आज वजा जन्मतारीख, ६५७० दिवस" (१८ गुणिले ३६५) असा रूल मी बघितलाय. १८ वर्षांत लीपचे चार-पाच दिवस असतात, म्हणजे मुलगा तेवढे दिवस आधीच सज्ञान! डीएमएन या डिसिजन टेबलच्या स्टँडर्डमधल्या फील भाषेत दिवस-तासांचा कालावधी आणि वर्ष-महिन्यांचा कालावधी हे वेगळे टाइप ठेवलेत ते यासाठीच, महिन्याचे दिवस ठरलेले नसतात ना. इथे कुठला घ्यायचा हे डेव्हलपर नाही, पॉलिसीवाला सांगणार.

कोडकर: वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची टेस्ट केस लिहा, सापडेल. हा टेस्टिंगचा प्रश्न आहे.

निशिगंध_४२: आणि १६ आकडी खाते क्रमांक? एक्सेल १५ च आकडे धरतं, नंबर म्हणून टाइप केला की शेवटचा आकडा शून्य होतो. तुमच्या क्लासमध्ये तो स्ट्रिंग, म्हणजे टेक्स्ट, असला तरी नुकसान शीटमध्येच झालं, आणि शीट भरणारा कोण?

कोडकर: खाते क्रमांकाचं मान्य, ज्याची बेरीज करत नाही ते टेक्स्ट, एवढं प्रत्येकाला शिकवा. पण डीएमएनप्रमाणे टेक्स्टची नंबरशी तुलना केली की नल (खरं-खोटं काहीच नाही, रिकामं उत्तर) येतं, ओळ जुळत नाही आणि इंजिन गुपचूप पुढे जातं, हे अ‍ॅनालिस्टने ओळखावं ही अपेक्षा चुकीची आहे. सेव्ह करतानाच टूलने अडवायला हवं.

टेस्टर_ठाणे: अडवावंच. पण लाल खूण आली की लोक आकड्याला कोट (अवतरणचिन्हं) लावतात, तो टेक्स्ट होतो, खूण जाते, रूल मात्र वेगळाच होतो. टाइप कळत असता तर कोट लावलेच नसते.