टोकियोहून एका दिवसात, पायी हिंडण्याजोगं किल्ल्याचं गाव सुचवा (आई सोबत आहे)

रेवती_निशिकासाई:
आई नाशिकहून तीन आठवड्यांसाठी आलीय. तिला जपानी किल्ला आणि त्याभोवतीचं जुनं गाव चालत बघायचंय. सकाळी निघून रात्री घरी. दोघींचं मिळून १२ हजार येनमध्ये बसवायचंय. सपाट रस्त्यावर ती चार-पाच किलोमीटर आरामात चालते, पण गुडघ्यांमुळे जिने जमत नाहीत. शनिवारी जाणार आहोत, त्याच दिवशी तिची एकादशी आहे.

भटका_सह्याद्रीचा:
हिमेजीचा किल्ला! १६०९ चा मूळ मनोरा, पांढराशुभ्र. जपानात मूळ मनोरे फक्त १२ उरलेत, त्यातले ९ मी बघितलेत. हिमेजीची सर कशालाच नाही. आई एवढ्या लांबून आलीय, पैशाकडे बघू नका.

नागोयाची_सून:
हिमेजीचं भाडं एका माणसाचं जातानाच १५ हजारांवर आहे हो. आमच्या नागोयाजवळचा इनुयामा किल्ला बघा. २००४ पर्यंत तो किल्ला नारुसे घराण्याच्या खासगी मालकीचा होता. वरून किसो नदी काय दिसते! खालच्या रस्त्यावर गोहेइमोची, म्हणजे काडीला लावून भाजलेला भात, खात फिरायचं. रात्री आमच्याकडे राहा, मी साबुदाण्याची खिचडी करते.

कोफूचा_काका:
मात्सुमोतो. शिंजुकूहून आझुसा गाडीने अडीच तास. काळा मनोरा, पाठीमागे जपानी आल्प्सचे डोंगर. १८७२ मध्ये हा मनोरा लिलावात विकला गेला होता. इचिकावा र्योझो यांनी आत प्रदर्शनं भरवून पैसे उभे केले, म्हणून तो वाचला. आतले जिने मात्र काही ठिकाणी ६१ अंशांचे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोन तास रांगेत उभे राहिलो आणि सासूबाई दुसऱ्या मजल्यावरून परत फिरल्या. आईंना वर नेऊ नका, खंदकाच्या कडेने फेरी मारा आणि नाकामाचीतली मातीच्या भिंतींची कोठारं बघा. जेवायला सोबा नूडल्स आहेतच.

शाकाहारी_तात्या:
सोबाच्या रश्श्यात माशाचा अर्क असतो! मला हे सहा महिन्यांनी कळलं, अजून मनाला लागून आहे. सगळ्यांनी विचारूनच खा.

कोफूचा_काका:
नुसता सोबा मिठाबरोबर मागता येतो.

शाकाहारी_तात्या:
एकादशीला सोबा?

भटका_सह्याद्रीचा:
इथले किल्ले रायगडासारखे उंच नसतात, त्यामुळे दमायला होत नाही.

दुर्गवेडी:
पण आत जिने असतात ना! फरक वेगळा आहे. शहरच किल्ल्याभोवती बेतून वसवायचे. जवळ सामुराईंची घरं, मग व्यापारी आणि कारागीर, कडेला देवळांची रांग. शत्रूला सरळ चाल करता येऊ नये म्हणून रस्ते मुद्दाम काटकोनात मोडलेले. हे सगळं जमिनीवरून चालतच कळतं. मनोऱ्यात गेलं नाही तरी काही बिघडत नाही.

नागोयाची_सून:
जाड मोजे घाला. आत बूट काढून पिशवीत धरावे लागतात.

मुंबईकर_योकोहामा:
हिमेजीला जा. आणि मोजे जाड घाला.

रेवती_निशिकासाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही टोकियोजवळच्या कावागोएला जातोय. निशिकासाईहून ताकादानोबाबा, तिथे एकदा गाडी बदलली की थेट होन-कावागोए.

भटका_सह्याद्रीचा:
अहो, तिथे मनोराच नाही! किल्ला म्हणून काय दाखवणार आईंना?

रेवती_निशिकासाई:
१८४८ चा वाडा आहे, होनमारू गोतेन. एकमजली, जिना नाही.

रेवती_निशिकासाई:
जाऊन आलो. १८९३ च्या आगीनंतर व्यापाऱ्यांनी बांधलेल्या जाड काळ्या भिंतींच्या दुकानांपुढून आई दोनदा गेली. तिला ती आमच्या जुन्या पेठेतल्या सराफ्यासारखी वाटली. वाड्यात तातामीवरून, म्हणजे गवती चटयांवरून, पाय ओढत हळूहळू फिरली, मग बाहेरच्या लाकडी ओसरीवर बराच वेळ बसली. आणि कावागोएची खासियत काय, तर रताळी! भाजलेलं गरम रताळं तिने एकादशीला पोटभर खाल्लं. तीन वाजता तोकी-नो-काने या घंटाघराची घंटा वाजली तेव्हा तिने हात जोडले. दोघींचे पाच हजारसुद्धा खर्च झाले नाहीत.

शाकाहारी_तात्या:
रताळ्याला वर काही लावलेलं नव्हतं ना?

रेवती_निशिकासाई:
नाही तात्या, विचारूनच घेतलं.