लॉयलिस्ट लेफ्टनंटच्या पुढच्या पिढीचा शोध: अप्पर कॅनडातील जमिनीचे अर्ज

प्रश्न
आमच्या सूनबाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या असे सांगतात की त्यांचे मूळपुरुष अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूने (अशांना लॉयलिस्ट म्हणत), सर जॉन जॉन्सन यांच्या किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्कमध्ये लेफ्टनंट होते आणि १७८४ मध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठी, कॅनडातील आजच्या कॉर्नवॉलजवळ (पुढे अप्पर कॅनडा म्हटलेल्या, आजच्या ओंटारियो प्रांतात), स्थायिक झाले. नातवंडांसाठी वंशावळ लिहायला घेतली आहे. त्यांच्या नावाचा जमिनीचा एक अर्ज मिळाला, पण त्यात बायकामुलांचा उल्लेखच नाही. पुढची पिढी कुठे शोधावी?

पहिला प्रतिसाद
वडिलांचा अर्ज तूर्त बाजूला ठेवा आणि मुलांचे, त्यातही मुलींचे अर्ज शोधा. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर यांच्या परिषदेने ९ नोव्हेंबर १७८९ रोजी ठराव केला की युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहापूर्वी राजाच्या बाजूला आलेल्यांच्या मुलग्यांना वयाच्या २१ व्या वर्षी आणि मुलींना त्या वयात किंवा त्याआधी लग्न झाल्यास तेव्हाच, प्रत्येकी २०० एकर जमीन मिळावी. हा हक्क सांगताना विवाहित मुलगी सहसा आपण अमुक टाउनशिपच्या (जमिनीच्या मोजणी-विभागाच्या) अमक्याची पत्नी आणि तमुक टाउनशिपच्या यूई (युनायटेड एम्पायर, म्हणजे साम्राज्याच्या एकतेला धरून राहिलेल्या) लॉयलिस्टची कन्या आहोत, असे लिही. बाप, नवरा आणि गाव एकाच वाक्यात हाती येतात, आणि ज्या काळातल्या विवाहनोंदी इतक्या विरळ आहेत त्या काळासाठी याचे मोल फार मोठे आहे. मात्र या अर्जांचे गठ्ठे अर्जदाराच्या आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे बांधलेले असल्यामुळे ही मुलगी वडिलांच्या अक्षराखाली नव्हे, तर सासरच्या अक्षराखाली सापडते. बहुतेकांचा शोध नेमका इथेच अडतो.

दुसरा प्रतिसाद
वरील मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. अर्जाची मागची बाजूही जरूर वाचा. घडी घातलेल्या कागदाच्या पाठीवर अर्ज कधी आला, परिषदेपुढे कधी वाचला आणि काय ठरले, हे कारकुनाने टिपलेले असते. वडिलांचे नाव यूई लॉयलिस्टांच्या सरकारी यादीत आहे की नाही, हा शेराही पुष्कळदा तिथेच मिळतो. एकाच नावाच्या दोन व्यक्ती असतील तर एकरांचा आकडा पाहा. १७८३ च्या आदेशानुसार साध्या शिपायाला १०० आणि लेफ्टनंटला ५०० एकर मिळत, आणि पुढे लेफ्टनंटचा वाटा २,००० एकरांपर्यंत वाढवला गेला. स्वतःच्या सेवेबद्दल २०० एकर मागणारा माणूस आपला लेफ्टनंट असण्याची शक्यता फारच कमी.

तिसरा प्रतिसाद
सनद हाती पडण्याआधीच मूळ हक्कदार वारला किंवा त्याने हक्क विकला, तर मालकीचा निकाल १७९७ पासून वारसांचे आणि खरेदीदारांचे दावे तपासणाऱ्या आयोगापुढे होई. तिथले कागद अवश्य पाहा, कारण थोरला मुलगा कोण हे त्यांतून कळू शकते. एक सावधगिरी बाळगा: मुलामुलींनी हे २०० एकर पुष्कळदा परस्पर विकून टाकले, त्यामुळे जमीन ज्या टाउनशिपमध्ये मिळाली तिथे कुटुंब राहिलेच होते असे धरू नका. राहण्याचे गाव अर्जातून घ्या, सनदेतून नको.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरच्या जुन्या बायबलमध्ये लेफ्टनंटसाहेबांच्या दोन जावयांची आडनावे लिहिलेली आहेत. त्यांच्याच अक्षरांचे गठ्ठे आधी पाहतो.